मृत्युपत्रातून देणगी: हा विषय चार माणसांत काढायचा कसा?

मी पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहाचं काम करते, कर्वे रोडच्या आतल्या बाजूला. वेल्हे, भोर, जुन्नर, आंबेगाव अशा भागातनं नर्सिंगला, डिप्लोमाला, बी.कॉम.ला येणाऱ्या मुली आमच्याकडे राहतात आणि बराचसा खर्च देणगीदारांवर चालतो. ती देणगीदारांची बाजू माझ्याकडे, म्हणजे पावत्या, आभाराची पत्रं, वाढदिवसाचे फोन. ह्या फोनांत वर्षातनं चार-पाच वेळा एक गोष्ट हमखास होते. काकू बोलता बोलता आवाज खाली आणतात आणि विचारतात, "आमच्या माघारी संस्थेला काही द्यायचं असलं तर काय करावं लागतं गं?" आणि मी काही बोलायच्या आत, "जाऊ दे, बघू पुढे," म्हणून विषय बंद. त्यांना खरंच विचारायचं असतं, पण विचारायला जागा नसते. घरात विषय काढला तर मुलं म्हणतात आई असं अभद्र का बोलतेस, वकिलाकडे जावं तर फी किती घेईल माहीत नाही, आणि संस्थेला विचारावं तर उद्यापासून मागे लागतील ही धास्ती. ती जागा करून द्यायची म्हणून देणगीदारांना बोलावून मृत्युपत्राची माहिती द्यायचा हा कार्यक्रम आम्ही सुरू केला, आणि आता बाकीच्या संस्थांची माणसं विचारतात की तुम्ही नक्की करता काय, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय.

आधी मुळात गोष्ट काय ते. मृत्युपत्र, काही जण इच्छापत्र म्हणतात, ते म्हणजे माझ्या माघारी माझं काय कुणाला जावं हे मी जिवंतपणी लिहून ठेवणं. त्यात मुलाबाळांच्या, भावंडांच्या नावांबरोबर एखाद्या संस्थेचं नाव घालता येतं, बस्स, ह्यापेक्षा जास्त काही नाही. आज खिशातनं एक रुपया जात नाही, फ्लॅट आपलाच राहतो, एफडी आपलीच राहते, उद्या आजारपणात सगळं खर्च झालं तर झालं, आणि मन बदललं तर मृत्युपत्र जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं. ही शेवटची गोष्ट संस्थेनं स्वतःच्या मनावर पक्की कोरून ठेवायला हवी. कुणी "मी तुमचं नाव घातलंय" म्हणालं तरी ते पैसे आपले नाहीत, बजेटमध्ये धरायचे नाहीत.

उदाहरणं मोठीमोठी आहेत. सर रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १९१८ मध्ये गेले आणि त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. नोबेल पारितोषिकाच्या मागे तर आल्फ्रेड नोबेलचं १८९५ सालचं मृत्युपत्रच आहे. पण कार्यक्रमात मी ही नावं आता घेत नाही, कारण ती घेतली की समोरचे काका मनातल्या मनात म्हणतात की हे आपलं काम नव्हे. आमच्याकडे येणारी माणसं बँकेतनं, टपाल खात्यातनं, शाळेतनं रिटायर झालेली, सहकारनगर नाहीतर मयूर कॉलनीतला एक फ्लॅट आणि थोड्या ठेवी एवढंच असलेली. त्यांच्यासाठी हे जास्त सोयीचं आहे, कारण हयातीत मोठी रक्कम द्यायची त्यांची ऐपत नसते पण माघारी काहीतरी शिल्लक राहणार असतं.

इंग्लंडमध्ये ह्या प्रकाराची एक व्यवस्थाच आहे. तिथे वारसाहक्कावर ४० टक्के कर आहे, संस्थेला दिलेल्या भागाला तो कर लागत नाही, आणि करपात्र इस्टेटीचा निदान १० टक्के भाग संस्थांना दिला तर उरलेल्यावरचा दरसुद्धा ३६ टक्क्यांवर येतो, त्यामुळे तिथल्या संस्था टॅक्सचं बोलू शकतात. आपल्याकडे इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच बंद झाली, वारसाहक्कावर कर नाही, आणि मृत्युपत्रातल्या देणगीला आयकराची सवलतही मिळत नाही, ती हयातीत दिलेल्या देणगीलाच. म्हणजे आपल्याकडे जो देतो तो निव्वळ आपुलकीनं देतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण मग कार्यक्रमही आपुलकी जपणाराच असायला लागतो.

तिथल्या एका प्रयोगाची गोष्ट मात्र मला फार उपयोगी पडली. २०१३ मध्ये तिथे प्रसिद्ध झाला. मृत्युपत्र करायला फोन करणाऱ्या लोकांना तीन प्रकारे हाताळलं. काहींना देणगीचं विचारलंच नाही, त्यातल्या साधारण ५ टक्के लोकांनी आपणहून एखाद्या संस्थेचं नाव घातलं. दुसऱ्यांना नुसतं विचारलं की कुठल्या संस्थेला काही ठेवायचंय का, तर १०.४ टक्के. आणि तिसऱ्यांना सांगितलं की आमच्याकडचे बरेच जण असं ठेवतात, तुमच्या मनाच्या जवळचं एखादं काम आहे का, तर १५.४ टक्के. तिपटीनं फरक, आणि फरक कशाचा तर एका वाक्याचा, दडपण नाही की भावनिक भाषण नाही. म्हणजे माणसांना द्यायचं असतं, कुणी त्यांच्या मनातलं काम विचारत नाही म्हणून राहून जातं.

आणि ह्याची दुसरी बाजू आपल्या कायद्यातच लिहिलीय, जी प्रत्येक संस्थेनं कार्यक्रम ठरवायच्या आधी वाचावी. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६१. फसवून किंवा जबरदस्तीनं करून घेतलेलं मृत्युपत्र रद्दबातल, हे आपल्याला माहीतच असतं, पण त्याच कलमात तिसरी गोष्ट आहे, की इतकं मागे लागून, इतकी गळ घालून करून घेतलं की त्या माणसाला स्वतःची मर्जीच उरली नाही, तर तेही रद्द. म्हातारं, आजारी, एकटं माणूस आणि रोज येऊन बसणारे संस्थेचे लोक, असं चित्र कोर्टासमोर आलं की संपलं. १९५८ च्या व्यंकटाचल अय्यंगार निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की ज्याला मृत्युपत्रातनं मोठा लाभ होतो त्यानंच ते करून घेण्यात पुढाकार घेतला असेल तर ती संशयाची बाब, आणि तो संशय दूर करायची जबाबदारी त्याच्यावर. म्हणून आमचे नियम आहेत. मृत्युपत्र आम्ही लिहून देत नाही, आमचा कुणी कार्यकर्ता साक्षीदार म्हणून सही करत नाही, वकिलाची फी आम्ही भरत नाही, आणि रजिस्ट्रेशनला सोबत म्हणून रिक्षात बसूनसुद्धा जात नाही. काकू कितीही ओळखीच्या असल्या तरी नाही.

आता आमची पहिली वेळ कशी चुकली ते सांगते, कारण तीच चूक बहुतेक जण करतात. निमंत्रणात आम्ही लिहिलं होतं "स्नेहमेळावा", मुलींना भेटा, चहा घ्या. आणि प्रत्येक खुर्चीवर एक छापील फॉर्म आणि पेन ठेवलं होतं, मी माझ्या मृत्युपत्रात संस्थेला अमुक देऊ इच्छितो, खाली सही. एक निवृत्त शिक्षिका आल्या, त्यांनी फॉर्म उचलला, वाचला, चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि मला बाजूला घेऊन इतकंच म्हणाल्या, "तुम्ही मुली बघायला म्हणून बोलावलंत ना?" त्या चहा न घेता गेल्या. त्यांचं बरोबर होतं. एक सांगून बोलवायचं आणि खुर्चीवर दुसरंच ठेवायचं, हे माणसाला लागतं, आणि आयुष्यभर दर महिन्याला पाचशे रुपये पाठवणाऱ्या माणसाला तर जास्तच लागतं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. पुढच्या वर्षी निमंत्रणावर सरळ छापलं: "चहा, मुलींची भेट आणि मृत्युपत्राबद्दल माहिती. त्या दिवशी कुणाकडूनही काही लिहून घेतलं जाणार नाही. मुलगा, मुलगी, सून, जावई, ज्यांना आणायचंय त्यांना जरूर आणा." ह्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं निघालं, घरचं माणूस शेजारी बसलेलं असलं की लपवाछपवीचा वास राहत नाही आणि घरी जाताना रिक्षात विषय आपोआप निघतो. माणसं कमी येतील असं कमिटीला वाटलं होतं, आली ती अठ्ठावीस, आणि सगळी शेवटपर्यंत बसली.

वेळ साडेचारची ठेवावी. त्याआधी वामकुक्षी असते, आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं. दिवस शक्यतो दिवाळी झाल्यावरचे, थंडी फार नसताना. मेमध्ये बरेच जण मुलांकडे अमेरिकेत नाहीतर बंगळुरूला गेलेले असतात, पावसाळ्यात पाय घसरायची भीती. पितृपक्षात करा, तेव्हा लोक दानाच्या विचारात असतात असं एकदा कमिटीत कुणीतरी सुचवलं होतं, मी स्पष्ट नको म्हटलं, त्या पंधरवड्यात माणूस गेलेल्यांची आठवण काढत असतो, तेव्हा त्याला स्वतःच्या जाण्याबद्दल बोलायला लावू नये. हॉल भाड्यानं घेऊ नका, आपल्या जागेतच करा. आम्ही तळमजल्यावरच्या जेवणघरात करतो, म्हणजे जिना नाही, बाथरूम जवळ. हात टेकायला दांडे असलेल्या खुर्च्या, चांगला माईक, आणि हातात द्यायचा कागद मोठ्या टायपात. ह्या बारीक गोष्टी वाटतात पण ऐकूच आलं नाही तर काका नुसती मान हलवत बसतात आणि घरी जाऊन विसरतात.

पहिला अर्धा तास मुलींचा. भाषण नाही, स्लाइड नाहीत, त्यांनी आपली खोली दाखवायची. गेल्या वेळी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं तिचं कपाट उघडून दाखवलं, १७ नंबरचं. वरच्या कप्प्यात लसणाच्या चटणीचा स्टीलचा डबा, झाकणावर चिकटपट्टी आणि तिचं नाव, खाली इस्त्री केलेला युनिफॉर्म, आणि अॅनाटॉमीचं जाड पुस्तक, त्याला खाकी कागदाचं कव्हर, कोपरे अगदी काटकोनात दुमडलेले. एक आजी त्या कव्हरवरनं बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कुणी घातलं?" मुलगी म्हणाली, "माझ्या आधी हे कपाट जिचं होतं ना, त्या ताईनं. पुस्तक पण तिचंच. ती आता ससूनला आहे." आजी काही बोलल्या नाहीत, खाली येईपर्यंत त्यांनी त्या मुलीचा हात धरला होता. माघारी राहणं म्हणजे काय हे त्या कव्हरनं दाखवलं, मला वेगळं सांगायची गरजच पडली नाही.

मागणं असतं ते एवढंच, की आमच्या जुन्या देणगीदारांपैकी एक काका उठून दोन मिनिटं बोलतात. ते म्हणतात, "मी मृत्युपत्र केलंय. आधी बायको, मग मुलगी, आणि उरेल त्याचा दहावा हिस्सा इथल्या मुलींना. मुलीला आधी सांगितलं, तिनेच वकील शोधून दिली." आणि बसतात. मी स्वतः मागत नाही. पगार किंवा पद असलेल्या माणसानं मागितलं की ते संस्थेचं बोलणं होतं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं सांगितलं की ते आपल्यातलं होतं.

मग वकीलबाई. त्या आमच्या संस्थेचं कुठलंही काम करत नाहीत आणि सुरुवातीलाच सांगतात की आज इथे आलेल्या कुणाचंही मृत्युपत्र मी करणार नाही, त्यामुळे मोकळेपणानं विचारा. विचारायची पद्धत मात्र चिठ्ठ्यांची. चहाबरोबर कोरे कागद वाटतो, नाव लिहायचं नाही, डब्यात टाकायचं. आधी हात वर करून विचारा म्हटलं होतं तेव्हा फक्त स्टँप पेपरचे प्रश्न आले होते, चिठ्ठ्या आल्यापासून खरे प्रश्न येतात. त्यातले नेहमीचे आणि त्यांची उत्तरं इथे देतेय, कारण कुठल्याही कार्यक्रमात हेच येणार.

"मृत्युपत्र केलं की माणूस लवकर जातो म्हणतात." ही चिठ्ठी दर वर्षी असते. वकीलबाई शांतपणे सांगतात की माझं बेचाळिसाव्या वर्षी केलेलं आहे, तीनदा बदललंय. लोकांच्या खांद्यावरचा ताण उतरलेला दिसतो.

"स्टँप पेपर किती रुपयांचा?" अजिबात लागत नाही, साध्या कोऱ्या कागदावर चालतं, मराठीत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेलंही चालतं. लागतं ते एवढं: माणूस सज्ञान आणि शुद्धीवर असावा, त्यानं सही किंवा अंगठा करावा, आणि दोन साक्षीदारांनी ते करताना पाहून स्वतः त्याच्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयानं लहान आणि ज्याला त्यातलं काही मिळणार नाही असा. वय जास्त असेल तर फॅमिली डॉक्टरचं त्याच दिवसाचं सर्टिफिकेट जोडावं की हे शुद्धीत आहेत, पुढे वाद झाला तर तो कागद फार उपयोगी पडतो. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करून टाकलं तर खोटं आहे म्हणणाऱ्याचं काम अवघड होतं. आणि मोबाईलवर व्हिडिओ करून ठेवला तर, असंही एकानं विचारलं होतं. नुसता व्हिडिओ हे मृत्युपत्र नाही, आयटी कायदा २००० नं मृत्युपत्र हा प्रकारच इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांतनं वगळलाय, कागद आणि सह्या हव्यातच. व्हिडिओ फार तर जोडीला पुरावा म्हणून.

"नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?" हा गैरसमज घराघरात आहे. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक तो होतोच असं नाही, त्यानं ते खऱ्या वारसांना द्यायचे असतात. शेअरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हे पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. विम्यात मात्र जवळच्या नात्यातल्या नॉमिनीचा नियम २०१५ पासून वेगळा आहे. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, ते जरूर लावा, पण कुणाला काय जावं हे मृत्युपत्रच ठरवतं.

"मुलगा तिकडे सेटल आहे, त्याला फ्लॅट नकोय, संस्थेला दिला तर?" द्या, पण आधी त्याच्याशी बोला, आणि कसा द्यायचा ते नीट लिहा. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. फ्लॅट ट्रस्टच्या नावावर आला की ट्रस्टला तो ९० दिवसांत चेंज रिपोर्ट भरून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि नंतर विकायचा झाला तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची आधी परवानगी लागते. ते योग्यच आहे, ट्रस्टच्या जागा परस्पर विकल्या जाऊ नयेत म्हणूनच ते कलम आहे, पण छोट्या संस्थेला बंद फ्लॅटचा मेंटेनन्स भरत थांबावं लागतं. म्हणून राहायला वापरता येणार नसेल तर मृत्युपत्रात असं लिहिता येतं की व्यवस्थापकानं फ्लॅट विकावा आणि आलेले पैसे अमुक संस्थेला द्यावेत. व्यवस्थापक म्हणजे एक्झिक्युटर, मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस, तो विश्वासाचा आणि धडधाकट नेमावा. जोडीदार हयात असेल तर त्यांना मरेपर्यंत राहायचा हक्क आधी लिहायचा, ह्याच्यावर वकीलबाई फार ठाम आहेत आणि मीसुद्धा. ज्या देणगीनं घरातलं माणूस उघड्यावर येतं ती आम्हाला नको.

"एक लाख लिहिलंय, पुरेल का?" रक्कम छोटी म्हणून कुणी संकोच करू नये, पण आकडा लिहिला की महागाई तो खाते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आजच्या एक लाखाला वीस वर्षांनी आजच्या साधारण एकतीस हजारांएवढीच किंमत राहील. त्याऐवजी सगळ्यांना देऊन उरेल त्याचे पाच किंवा दहा टक्के असं लिहिलं तर आजारपणात पैसे गेले तरी मुलांवर बोजा पडत नाही, कारण हिस्सा उरलेल्यातलाच. मला विचाराल तर हा सगळ्यात न्याय्य प्रकार.

मुस्लिम कुटुंबातल्या एका बाईंची चिठ्ठी होती, आम्हाला चालतं का? चालतं, मुस्लिम कायद्यात अंत्यविधी आणि कर्ज भागवून उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत मृत्युपत्रानं देता येतं, त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. हिंदूंना स्वकष्टाची मिळकत पूर्ण देता येते आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा. ख्रिश्चन समाजावर पूर्वी एक विचित्र अट होती, पुतण्या-भाचा इतकं जवळचं नातलग असलं तर धर्मादायाला दिलेलं तेव्हाच टिकायचं जेव्हा मृत्युपत्र मृत्यूच्या निदान बारा महिने आधी केलेलं असेल आणि केल्यापासून सहा महिन्यांत ठरलेल्या ठिकाणी जमा केलेलं असेल. केरळच्या जॉन वल्लामट्टम नावाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलम ११८ घटनाबाह्य ठरवलं. अजूनही जुने लोक ती अट धरून बसलेले भेटतात, म्हणून मुद्दाम सांगायला हवं.

आणि देहदान. विषय वेगळा आहे, पण चिठ्ठी येतेच, मी मृत्युपत्रात देहदान लिहिलंय म्हणून. कृपा करून त्याच्यावर विसंबू नका, मृत्युपत्र बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतात, तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. मेडिकल कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे आधी नोंद करा आणि घरच्यांना तोंडानं सांगून ठेवा, त्या क्षणी फोन त्यांनाच करायचाय.

जाताना आम्ही प्रत्येकाला एकच अर्धा कागद देतो. त्यावर संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, पॅन, आणि एक नमुना वाक्य. ह्या अर्ध्या कागदासाठी मी भांडले होते, कारण एका गृहस्थांच्या मृत्युपत्रात आमचा उल्लेख "कर्वे रोडची मुलींची संस्था" एवढाच होता. कायदा तसा समजूतदार आहे, नावात चूक असली तरी लिहिणाऱ्याचा हेतू कळत असेल तर चालवून घेतो, पण त्यांच्या मनात नक्की कुठली संस्था होती हे ठरवायला त्यांच्या भाच्याला दीड वर्ष खेटे घालावे लागले, त्या परिसरात मुलींसाठी काम करणाऱ्या दोन संस्था होत्या आणि दोन्हींना ते गृहस्थ देणगी द्यायचे. नमुना वाक्यात आणखी दोन गोष्टी असतात. संस्था तेव्हा चालू नसेल तर तिच्यासारखंच काम करणाऱ्या कुठल्या संस्थेला जावं ते लिहायला मोकळी ओळ, आणि पैसे कशासाठी वापरावेत ते जरा सैल ठेवायची विनंती, म्हणजे "मुलींच्या शिक्षणासाठी" असं. कुणीतरी "कॉम्प्युटर रूमच्या फर्निचरसाठीच" असं लिहिलं आणि पंधरा वर्षांनी ती रूमच नसली तर विश्वस्तांचे हात बांधले जातात.

नंतर काय करायचं, तर आभाराचं पत्र पाठवायचं आणि थांबायचं. एक फोन करतो, कार्यक्रम कसा वाटला म्हणून, मृत्युपत्राचं काय झालं हे विचारायचं नाही. आपणहून कुणी सांगितलं तर वहीत नोंद, ती वही कपाटात, चावी एकाकडेच, आणि त्यांची परवानगी नसेल तर अहवालात नाव नाही. कमिटीला सुरुवातीला हे जड गेलं, खर्च झाला चहा-खाऊचा, निकाल काय, असं विचारलं गेलं. ह्या कामाचा निकाल दहा-पंधरा वर्षांनी दिसतो आणि तो लवकर दिसावा अशी इच्छासुद्धा करू नये, कारण लवकर म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. मी कमिटीला एवढंच विचारलं की गेल्या वर्षी आलेल्या अठ्ठावीस जणांपैकी मासिक देणगी कुणी थांबवली का. कुणीच नाही. उलट दोन सुनांनी नवीन सुरू केली होती, ज्या सासूबाईंना सोडायला म्हणून आल्या होत्या.

त्या निवृत्त शिक्षिका, ज्या चहा न घेता गेल्या होत्या, त्या दीड वर्षानं एका सकाळी ऑफिसात आल्या, एकट्या. म्हणाल्या, "तो नोंदणी नंबरचा कागद आहे म्हणे तुमच्याकडे, एक द्या." मी दिला. त्यांनी चष्मा लावून नाव दोनदा वाचलं, मोठ्यानं, स्पेलिंग तपासावं तसं, कागदाची एकच घडी घातली आणि चष्म्याच्या केसमध्ये ठेवला. कशासाठी हवाय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ह्या वेळी चहा घेतला. त्यांचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो, १९ तारखेला, मी फोन केला तर गुडघ्याचं ऑपरेशन करावं की नाही ह्यावर आम्ही वीस मिनिटं बोललो.